वाचकांचे प्रश्न : पूर ओसरल्यावर सेवाश्रम पुन्हा उभा करताना

नदीकाठचे मठ, वारकरी आश्रम, त्यांची वसतिगृहे आणि अन्नछत्रे यांच्याशी मुंबईतल्या कित्येक कुटुंबांचे पिढ्यानपिढ्यांचे नाते आहे. कुणाचे आजोबा तिथे शिकले, कुणाच्या घरचा शिधा दरवर्षी तिथे जातो, कुणी सुट्टीत सेवेला जातो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीने महाड आणि वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तेव्हापासून पावसाळा आला की अशा ठिकाणच्या पुनर्बांधणीबद्दल आमच्याकडे पत्रे येतात. रायगड-रत्नागिरीत पुरानंतरच्या कामासाठी स्वयंसेवक घेऊन जाणारा एक स्थापत्य अभियंता या नात्याने मला सुचलेली उत्तरे पुढे देत आहे. पत्रे लांब असल्याने त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही लालबागच्या एका सार्वजनिक मंडळाचे कार्यकर्ते आहोत. महाडच्या पुढे नदीकाठी असलेल्या एका वारकरी आश्रमात मुलांचे वसतिगृह, निराधार वृद्धांच्या खोल्या आणि रोजचे अन्नदान चालते. तिथे कमरेइतके पाणी शिरले होते. आमची चाळीस मुले या शनिवार-रविवारी जायला तयार आहेत. काय न्यावे आणि कामाला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमच्या मुलांची तयारी मनापासूनची आहे, म्हणूनच आधी एक विनंती करतो. चाळीस जण एकदम जाऊ नका. ज्या आश्रमाचा भटारखाना चिखलात आहे, विहीर गढूळ आहे आणि संडास तुंबले आहेत, तिथे चाळीस पाहुण्यांची सोय लावणे हेच यजमानांवर दुसरे संकट होते. दहा-बारा जणांच्या तुकड्या करा आणि लागोपाठच्या शनिवार-रविवारी पाठवा. प्रत्येक तुकडीत आधीच्या वेळी जाऊन आलेले दोघे तरी असावेत, म्हणजे तेच प्रश्न आश्रमवासीयांना दर आठवड्याला विचारले जाणार नाहीत. स्वतःचे पिण्याचे पाणी, शिधा आणि अंथरूण बरोबर न्या. फावडी, घमेली, खराटे, पहारी, जाड हातमोजे आणि गमबूट मुंबईतूनच घ्या, कारण पूरग्रस्त तालुक्याच्या बाजारात त्या आठवड्यात या वस्तू मिळत नाहीत.

पोहोचल्यावर लगेच फावडे उचलू नका. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि खराब झालेल्या सामानाचे फोटो काढा. पंचनामा झाला आहे का, हे विचारा. झाला नसेल तर तो होईपर्यंत काहीही फेकू नका. मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करा. बोर्डात चिखल शिरलेला असतो, त्यामुळे महावितरणचा किंवा परवानाधारक वायरमन तपासून जाईपर्यंत पंप, मिक्सर, पंखा यांतले काहीही सुरू करू नये. ओल्या लाकडांच्या आणि पत्र्यांच्या ढिगात घोणस, फुरसे आणि विंचू आसरा घेतात. तेव्हा हात घालण्याआधी काठीने ढीग हलवावा.

लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, बाबतीत मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या आजाराने शहरात काय केले, ते आपण पाहिले आहे. पायाला जखम असेल त्याने चिखलात उतरू नये. जे उतरतील त्यांनी परतल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावे, आणि धनुर्वाताची लस निघण्याआधीच घ्यावी.

आता कामाचा क्रम. पहिला भटारखाना, दुसरे संडास, तिसरी विहीर आणि मग वृद्धांच्या व मुलांच्या खोल्या. कार्यालय, सभामंडप आणि आवार यांना थांबता येते. चिखल ओला असेपर्यंत खराट्याने आणि पाण्याने सरकतो, पण चार दिवस कडक ऊन लागले की पहारीशिवाय निघत नाही, म्हणून पहिल्या आठवड्याची किंमत फार मोठी आहे. काढलेला चिखल भिंतीलगत रचू नका, गटारातही लोटू नका. सेप्टिक टँक लगेच उपसून घेण्याचा मोह टाळा. जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली तर भोवतालच्या पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाते किंवा तडकते. भूजल खाली जाईपर्यंत थांबावे आणि तोवर उंचवट्यावर तात्पुरते संडास करावेत.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे आश्रमातल्या माणसांनी ठरवू द्या. एका आश्रमात शहरातून आलेल्या मुलांनी कोठीतले सगळे लाकडी सामान कुजले असे समजून ट्रॅक्टरमध्ये भरले. संध्याकाळी स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशी ट्रॉलीवर चढल्या आणि त्यांनी ढिगाखालून एक मोठी काठवट ओढून काढली. सागाची होती, कडेला एक जुनी चीर होती आणि ती चीर तांब्याच्या पट्टीने सांधलेली होती. त्यांनी ती राखेने घासली, सावलीत उभी करून वाळवली, आणि पुढच्या एकादशीनंतरच्या पंगतीचे पीठ तिच्यातच मळले गेले. मुलांचा हेतू चांगला होता, कष्टही खरे होते. मात्र एका शब्दाने विचारले असते तर त्या मावशींना स्वतःच्याच कोठीत उपऱ्यासारखे वाटले नसते.

प्रश्न : आमच्या सोसायटीने मुलुंडमध्ये दोन टेम्पो भरतील इतके कपडे जमवले आहेत. कुठे पाठवावेत?

उत्तर : जुने कपडे असतील तर पाठवू नका. पूरग्रस्त ठिकाणी ते निवडायला माणसे नसतात, ठेवायला कोरडी जागा नसते, आणि शेवटी ते भिजून कचऱ्यात जातात. आश्रमाच्या कोठीतून यादी मागवा आणि तिच्यात असेल तेवढेच, तेही नवे द्या. बहुधा त्या यादीत टॉवेल, चादरी, सतरंज्या, बादल्या, मोठी पातेली आणि फिनेल असते. जमवलेले कपडे इथेच गरजूंना द्या.

प्रश्न : आश्रमाच्या विहिरीत पुराचे पाणी गेले. आम्ही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नेली, तर गावच्या आरोग्यसेवकांनी ती लगेच टाकू दिली नाही. त्यांचे बरोबर होते का? भिंतींना नवा गिलावा कधी करावा, हेही सांगावे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्यांचे अगदी बरोबर होते. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतो आणि जंतू मारायला उरत नाही. म्हणून आधी विहीर उपसायची, तळाचा गाळ काढायचा, कठडा आणि आतली बाजू घासायची, आणि नवे पाणी निवळले की मग टीसीएल घालायचे. उपसतानाही एकदम तळ गाठू नये, कारण भिजलेले बांधकाम आतल्या पाण्याचा आधार अचानक गेला तर ढासळते.

नेहमीचे प्रमाण दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर असे आहे. विहीर तीन मीटर व्यासाची असेल आणि पाणी चार मीटर खोल असेल तर ते सुमारे अठ्ठावीस हजार लिटर भरते, म्हणजे साधारण सत्तर ग्रॅम पावडर लागते. पुरानंतरच्या पहिल्या वेळी हे प्रमाण पुष्कळ वाढवावे लागते आणि ते आरोग्यसेवकांनीच ठरवावे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडावे आणि गाळ बाहेर टाकावा. हे रात्री केले तर सकाळपर्यंत कुणी पाणी भरत नाही. सकाळी ओटी चाचणीत, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर, पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे, तरीही पुराच्या वर्षात पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मुंबईहून नेऊ नका, तिचा जोर गेलेला असतो.

गिलाव्याची घाई कुठेही करू नका. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो असा आमच्या व्यवसायातला ठोकताळा आहे, आणि कोकणात सप्टेंबर संपेपर्यंत हवाच ओली असते. जुन्या भिंती जांभ्याच्या आणि चुन्याच्या किंवा मातीच्या असतील तर त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा मुळीच चढवू नये. सिमेंट बाहेरून तोंड बंद करते, ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. सुटलेला जुना गिलावा कमरेच्या वरपर्यंत खरवडून काढा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, आणि दिवाळीनंतर चुन्याचाच गिलावा व चुन्याचीच सफेदी करा. पाहुण्यांना दाखवण्यासाठी ऑगस्टमध्ये ऑइलपेंट मारलेले आश्रम मी पाहिले आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्यावर दुप्पट खर्च झाला.

प्रश्न : मी गेली काही वर्षे एका दत्तमठाच्या सेवाकेंद्रात जाते. तिथे मोफत दवाखाना आणि मुलींचे वसतिगृह आहे. पुरानंतर आमच्यात मतभेद झाले आहेत. काहींचे म्हणणे आहे की आधी सभामंडप आणि गाभारा पूर्ववत झाला पाहिजे, देवाचे काम आधी. काही तरुण स्वयंसेवक म्हणतात की आम्ही भक्त नाही, आम्हाला आरतीला बसवू नका, आम्ही कामाला आलो आहोत. दोन्ही बाजूंचा मान राखून काय करावे? (एक वाचक भगिनी, गिरगाव)

उत्तर : तुमच्या पत्राबद्दल मी सर्वांत जास्त विचार केला, कारण आश्रम नीट उभा राहतो की नुसत्या इमारती उभ्या राहतात, हे इथेच ठरते.

सेवाश्रमात उपासना आणि सेवा या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी नसतात. पहाटेची काकड आरती झाली की चूल पेटते, चूल पेटली की मुलींचा डबा होतो, डबा झाला की दवाखान्याचे दार उघडते. दिवसाची ही घडी म्हणजे तो आश्रम. पुराने ती विसकटली आहे आणि ती पुन्हा बसवायची आहे. त्यासाठी सभामंडपाची वाट पाहावी लागत नाही. आरती पत्र्याच्या शेडखाली, ठरलेल्या वेळी, आहे त्या समईपुढे होऊ शकते आणि ती पहिल्या दिवसापासून व्हावी. दवाखानाही शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून सुरू होऊ शकतो, तोही पहिल्या आठवड्यातच व्हावा. वसतिगृहातल्या मुलींचे मात्र तसे नाही. त्यांना न्हाणीघर आणि कडी लागणारे दार लागते. ते नसेल तर आईवडील त्यांना घरी नेतात, आणि घरी गेलेल्या मुलींपैकी किती जणी शाळेत परततील याची खात्री कुणालाच देता येत नाही. म्हणून बांधकामाचा पहिला पैसा वसतिगृहाच्या न्हाणीघरावर आणि दारांवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. हे देवाचेच काम आहे, असे मंडळींना सांगायला तुम्ही संकोचू नका. गाडगे महाराज दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. देवळापेक्षा धर्मशाळा आणि शाळा बांधण्यावर त्यांचा भर होता. आपल्या परंपरेत हा क्रम नवा नाही.

नरसोबाच्या वाडीचे उदाहरण मठातल्या ज्येष्ठांना पटेल. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या त्या देवळात पावसाळ्यात पाणी शिरते, पादुकांवरून वाहत ते दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तो दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या देवळात नेऊन नित्य पूजा तिथे चालू ठेवतात. पूजा खंडित होत नाही, जागा तेवढी बदलते. हीच रीत दवाखान्याला आणि वसतिगृहालाही लावावी.

तरुणांविषयी सांगायचे तर त्यांना आरतीला बसण्याचा आग्रह करू नये आणि न बसल्याबद्दल बोलही लावू नये. त्याचबरोबर त्यांनीही आरतीच्या वेळी ड्रिल मशीन बंद ठेवावे, आवारात मांसाहार व सिगारेट आणू नये आणि जेवायला पंगतीत सर्वांबरोबर बसावे. एवढे दोन्हीकडून पाळले गेले की बाकीचे आपोआप जुळते. निघण्याआधी मुंबईतच हे नियम स्पष्ट सांगावेत, म्हणजे तिथे कुणाचा अपमान होत नाही.

एक सूचना देणगीदारांच्या बाबतीत. सभामंडपाच्या फरशीवर नाव कोरून घेणारे पुष्कळ भेटतात, संडासाच्या टाकीसाठी पैसे देणारे शोधावे लागतात. विश्वस्तांनी सगळा निधी एकत्र ठेवून कामाचा क्रम आधी जाहीर करावा आणि देणगीदारांना त्या क्रमातल्या पुढच्या कामासाठी पैसे मागावेत.

प्रश्न : पैसे जमवण्याचे नियम काय आहेत? माझा मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याही मित्रांना मदत पाठवायची आहे. (एक वाचक, दादर)

उत्तर : शक्यतो स्वतः निधी जमवू नका. देणगीदारांना आश्रमाच्या नोंदणीकृत न्यासाच्या बँक खात्यात थेट रक्कम भरायला सांगा. लोकांकडून वर्गणी गोळा करायचीच असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाऊन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क ची पूर्तता करावी. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांना हे कलम परिचयाचे आहे. आपण ज्याला ८०-जी म्हणून ओळखतो ती करसवलत दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला मिळत नाही, आणि वस्तुरूप देणगीलाही मिळत नाही, तेव्हा धनादेश किंवा ऑनलाइन व्यवहारच करावा.

अमेरिकेतल्या मदतीबाबत राहण्याचे ठिकाण महत्त्वाचे नसून नागरिकत्व महत्त्वाचे आहे. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. जे मित्र अमेरिकी नागरिक झाले आहेत, मग ते जन्माने मुंबईचे असले तरी, त्यांची देणगी विदेशी ठरते. ती फक्त एफसीआरए (विदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात घेता येते. त्या मित्रांनी पैसे मुलाला द्यावेत आणि त्याने ते आपल्या नावावर पाठवावेत, हा मार्ग सुचवला जातो. तो अवलंबू नका. त्यात खेड्यातला न्यास अडचणीत येतो.

प्रश्न : त्याच जागी पुन्हा बांधावे का? (दोन वाचकांनी विचारले आहे.)

उत्तर : विश्वस्तांनी आधी जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे बांधकाम करता येत नाही. निळी ते लाल या पट्ट्यात निर्बंध पाळूनच करता येते. घाट, समाधी, जुने देऊळ हलवता येत नाही आणि ते हलवावे असे कुणी म्हणणारही नाही. पण वृद्धांच्या खोल्या आणि वसतिगृह लाल रेषेच्या बाहेर न्यावे, कारण रात्री पाणी चढले तर ज्यांना स्वतःहून पळता येत नाही अशी माणसे तिथे झोपलेली असतात. चिपळुणात अतिवृष्टी आणि समुद्राची भरती यांची वेळ एकत्र आली की वाशिष्ठीचे पाणी उतरायलाही जागा उरत नाही. खाडीजवळच्या आश्रमांनी म्हणून भरतीचे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावे.

जागा हलवणे शक्य नसेल तर जोते उंच घ्यावे, धान्याची कोठी माळ्यावर किंवा पहिल्या मजल्यावर न्यावी, विजेचे बोर्ड आणि मीटर गेल्या पुराच्या रेषेच्या वर बसवावेत, आणि दारांना प्लायवुडऐवजी उचलून वर ठेवता येतील अशी लाकडी फळ्यांची पाने करावीत. भिजलेले धान्य वाळवून वापरू नये. वरून चांगले दिसले तरी त्यात बुरशीचे विष असू शकते.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. चिखल उपसणे मला जमणार नाही, पण आश्रमाने मला शिकवले आहे. मी काय करू शकते? (एक वाचक भगिनी, विलेपार्ले)

उत्तर : आपल्यासाठी एक काम आहे आणि ते तरुणांच्या हातून नीट होत नाही. आश्रमातल्या जुन्या वह्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी, रुग्णांचे केसपेपर, शिध्याचे हिशेब, हस्तलिखित पोथ्या, भिजलेल्या असतात आणि स्वच्छतेच्या धांदलीत त्या आधी उन्हात आणि मग कचऱ्यात जातात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ पासूनच्या ग्रंथालयाला २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांत नुकसान सोसावे लागले. खेड्यातल्या आश्रमाकडे तर कागद वाचवणारे माणूसच नसते.

भिजलेली वही उन्हात ठेवू नये, इस्त्री करू नये, आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. चिखल असेल तर वही मिटलेली ठेवून कडा स्वच्छ पाण्याने हलक्या धुवाव्यात. मग ती उभी ठेवून, पाने पंख्यासारखी किंचित उघडून, सावलीत वारा लागेल अशी वाळवावी. मध्ये टीपकागद किंवा न छापलेला कोरा कागद घालावा आणि तो ओला होताच बदलावा. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. पोथ्यांतली काजळीची जुनी शाई बहुधा टिकते, फाउंटन पेनची पसरते, म्हणून पेनने लिहिलेल्या वह्या आधी हाताळाव्यात. वह्या फार असतील आणि दोन दिवसांत सगळ्या उघडणे शक्य नसेल तर त्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि नंतर सवडीने थोड्या थोड्या बाहेर काढून वाळवता येतात. मुंबईत आपल्या मैत्रिणींच्या घरी मिळून असे चार-पाच फ्रीजर सहज उपलब्ध होतील.

जाताना विश्वस्तांकडून वह्यांची यादी सहीनिशी घ्या, रुग्णांच्या नोंदी इतर कुणाला वाचू देऊ नका, आणि वाळलेल्या प्रत्येक वहीचे मोबाइलवर पानागणिक फोटो काढून वही आश्रमात परत पाठवा. बुरशी आलेली वही हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला. आपल्याला दमा असेल तर ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि आपण यादीचे व फोटोंचे काम पाहा.